गोधडी आणि आयरिश चिलखत

“ही गोधडी काढा आधी! हे प्रदर्शन आहे, अंथरुणं वाळत घालायची गॅलरी नाही!”

रविवारी सकाळी क्लेमेंटीच्या एका हॉलमध्ये बुकित पंजांगचे एक बँकवाले माझ्या छातीसमोर बोट नाचवत ओरडत होते. जुन्या चिलखतांच्या नकला करणारं आमचं पाच-सात हौशी मराठी मंडळींचं टोळकं. हे गृहस्थ त्याचे प्रमुख, कारण हॉलची किल्ली त्यांच्याकडे.

मी उभा होतो सोळाव्या शतकाच्या अखेरचा आयरिश योद्धा होऊन. डोक्यावर लोखंडी टोप, तो मी टेक्का मार्केटातली कढई ठोकून बनवलेला. अंगात मांड्यांपर्यंत लोंबणारं कड्यांचं चिलखत. लाखभर कड्या! बायको म्हणते पंधरा हजार, पण तिला मोजायची वाईट खोड आहे. ते घालून चोआ चू कांगहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने आलो, तर गाडी माझ्या बाजूला कलली होती. एका आज्जींनी उठून मला राखीव सीट दिली.

आणि चिलखताच्या आत, गळ्याशी आणि बाह्यांशी डोकावत होता बायकोने शिवलेला जाड अंगरखा. तिच्या तीन सुती साड्या, मध्ये जुनी चादर, आणि वर गोधडीसारखा दाट धावदोरा. दोन महिने ऑफिसातून आल्यावर ती तेच करत होती. अकरा वाजता तिच्या मैत्रिणी मुद्दाम तो अंगरखा बघायला येणार होत्या. ती माझ्या शेजारी उभी होती, नवा कुर्ता घालून.

“अहो, चिलखत म्हणजे लोखंड,” बँकवाले म्हणाले. “कापूस म्हणजे अंथरूण.”

माझं टाळकं सरकलं. या माणसाचा स्वतःचा चिलखत चढवलेला पुतळा कोपऱ्यात उभा, फ्रीजसारखा चकाकणारा, टोपाला दोन शिंगं! शिंगं? युद्धाला निघालाय की गोठ्यात?

“साहेब,” मी म्हणालो, “आयर्लंडचे भाडोत्री कुऱ्हाडवाले कड्यांच्या आत असाच शिवलेला अंगरखा घालायचे. हलक्या शिपायांना तर लोखंडही नसायचं. कपाळावर केसांची जाड झुलपं, तोच टोप!”

“पुस्तकी बाता.”

“मग तुम्हीच घाला ना!”

त्यांना चढवलं ते चिलखत, नुसत्या टी-शर्टवर. आणि छत्रीच्या मुठीने एक हलकासा टोला दिला. देवाशप्पथ हलकासा. ते असे किंचाळले, की खाडीपलीकडे जोहोरच्या लोकांनी खिडक्या लावल्या असतील. छातीचे चार केस कड्यांत अडकले ते वेगळेच. मग आत बायकोचा अंगरखा घालायला लावला आणि पुन्हा हाणली, या वेळी मनापासून. गडी हलला नाही. उलट खूश होऊन म्हणाला, “अजून एक मारा बघू.”

झालं, जिंकलो, असं मला वाटलं. पण हरलेला माणूस लगेच नियम काढतो. चिलखत आणि अंगरखा काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, “ते सगळं ठीक. पण पाटीवर जे लिहिलंय तेवढंच मांडायचं. पाट्या छापून झाल्यात. तुमच्या पाटीवर हे नाही.”

“असं कसं नाही?”

त्यांनी पाटी समोर धरली. ‘लोखंडी टोप. कड्यांचं चिलखत. कातडी पट्टा. कुऱ्हाड, लाकडी.’ खाली माझं नाव, ठळक. अंगरख्याचा पत्ता नाही. बायकोचाही नाही.

मग मात्र मी हॉल डोक्यावर घेतला. दोन महिने बोटं टोचून घेतलेल्या बाईचं नाव गाळता? लाकडाच्या कुऱ्हाडीला जागा आहे आणि हिला नाही? लाज नाही वाटत? कोण हा दीडशहाणा? त्याला माझ्यासमोर उभा करा! बँकवाले दोन पावलं मागे सरकले. छापणाऱ्याला, मंडळाला, त्या शिंगांना, सगळ्यांना झोडून मी बायकोकडे वळलो.

“सांग यांना! कोणी लिहिली ही पाटी?”

अंगरख्याची घडी घालत ती म्हणाली, “तूच. शुक्रवारी, जेवता जेवता.”