हरतालिकेचं केळं

आमच्या गल्लीत, दाना ओलीत, हरतालिकेची पत्री विकायला आली की ओल्या पानांचा वास घरात येतो, आणि मला बायकोची अर्धशिशी आठवते. उपाशी राहिली की तिचं अर्धं डोकं फुटायला यायचं, उलट्या व्हायच्या, खिडकीला चादर लावून पडून राहायची. दवाखान्यात समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "अम्मा, गोली रोज मत खाओ. टाइम से खाना, टाइम से सोना, और भूखे बिल्कुल नहीं रहना." हिनं बाकी सगळं ऐकलं, पण हरतालिकेचा निर्जळी उपवास काही सोडेना. एका वर्षी दुपारी वाळूची पिंड करता करता तिच्या डोळ्यांपुढे चमकायला लागलं. मी केळं सोललं, पाण्याचा पेला पुढे ठेवला. म्हटलं, "खा." "अहो, तुमच्या आयुष्यासाठीच करते ना? तुम्हाला काही झालं म्हणजे?" "झालं तर झालं. तू अशी कण्हत पडणार, तर मी जगून काय करू? खा आधी." "मग मागून मला बोल लावायचा नाही हं!" "मेल्यावर कसा लावीन?" डोकं धरूनच ती हसली आणि भीत भीत केळं खाल्लं. अंधारात जरा पडली, अन् संध्याकाळी आरतीला उठून उभी राहिली. पुढे दर हरतालिकेला ती खाऊनच पूजेला बसायची, पण मधून मधून माझ्याकडे चोरून बघायची, हा बरा आहे ना म्हणून. मागच्या हिवाळ्यात ती गेली. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा जेवतो. तिनं आता बघायला पाहिजे होतं.