दादांचं तिकीट अजून क्लोज झालेलं नाही

भोईर दादा आज सकाळी गेले. हार्ट अटॅक. वय फक्त सेहेचाळीस.

साडेसातला त्यांच्याच मोबाइलवरून फोन आला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. थेट विचारलं, "काय दादा, आता तरी करताय का क्लोज?"

पलीकडे वहिनी होत्या.

कामतघरला त्यांच्या घरी जाऊन आलो, खांदा दिला, तरी खरं वाटत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दादा आमच्या काल्हेरच्या गोदाम कंपनीत हेल्पडेस्कचे हेड. कुठलंही मशीन अडलं की सॉफ्टवेअरमध्ये तिकीट, म्हणजे तक्रार, यायचं. आम्ही दुरुस्त केलं की स्टेटस रिझॉल्व्ड. सगळं संपलं की क्लोज्ड.

पाच वर्षांपूर्वी मी नवीन होतो आणि अतिशहाणा होतो.

गेटवरचा प्रिंटर चालत नाही, असं तिकीट आलं. माझ्या स्क्रीनवर प्रिंटर ऑनलाइन दिसत होता. मी जागचा न उठता तिकीट क्लोज करून टाकलं.

रिबन सुकली होती. चलनं कोरी निघत होती. तीन ट्रक दुपारपर्यंत गेटवर उभे.

दादांनी मला हाताला धरून उन्हातून गेटवर नेलं. तिथले शब्बीरभाई म्हणाले, "कंप्यूटर बोलता है प्रॉब्लेम खतम. अब हम किसको बोलें?"

दादा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चालू झाला का न्हाय, ते तू कोन सांगनार? ज्याचा अडलाय तो सांगंल."

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरला कुलूप! आमच्या हातात फक्त रिझॉल्व्ड. क्लोज करणार तो, ज्याने तक्रार टाकली तो.

आम्ही काय शिव्या घातल्या त्यांना! महिनाअखेरीला "करा ना हो क्लोज" म्हणत सगळ्या गोदामांतून भीक मागत फिरायचं. साहेबांनीही सांगून पाहिलं. दादा ढिम्म.

काल त्यांनी स्वतःच तिकीट टाकलं. कीबोर्डचा स्पेसबार अडकतो म्हणून.

संध्याकाळी मी नवीन कीबोर्ड लावला, रिझॉल्व्ड केलं. दादा बॅग घेऊन निघालेच होते, धामणकर नाक्याची रिक्षा पकडायची घाई.

"दादा, क्लोज करून जा ना. पाच सेकंदांचं काम."

"न बघता कसा करू? उद्या दोन लायनी टाईप करतो, मंग करतो."

आज दुपारी ऑफिसातून निरोप, दादांचा लॉगिन बंद करा. माणसाला जाऊन आठ तास झाले नाहीत. संताप आला, पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड आता माझ्याकडेच. ऑफिसात आलो.

बटण दाबलं तर स्क्रीनवर मेसेज. या युजरचं एक तिकीट क्लोज होणं बाकी आहे.

हे कुलूपही त्यांचंच.

साहेब मागे उभे होते. "कर रे तूच क्लोज. आता कोण विचारणार आहे?"

नाही केलं. नाही झालं माझ्याच्याने.

साहेब गेले. मी दादांच्या खुर्चीत बसलोय. ही पोस्ट त्याच नव्या कीबोर्डवर टाईप केली आहे. दोन लायनींपेक्षा बरीच जास्त झाली.

स्पेसबार कुठेच अडकला नाही, दादा.

पण ते मी सांगून चालत नाही ना.

येतो. शेवटचा नमस्कार.