माहं दळण शेवटी

“अवं पोरी, इच्यावर माहं टाकलं काय तू?”

गावातली एक काकू चक्कीच्या दारातून ओरडली. चक्कीवाल्या भाऊची नवी सून वरच्या खोक्यात काकूची जवारी ओतून राह्यली होती. तिचा हात तसाच राह्यला. माहा डबा नुकताच भरला होता. पीठ गरम होतं. मी झाकण लावाले वाकली होती.

“बंद कर अगोदर,” काकू म्हणे.

सुनेनं बटन दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला. मंग सगळ्याईले नीट ऐकू आलं.

“तुह्या सासऱ्यानं सांगतलं नाही काय तुले? याईचं दळण शेवटी असते. याईच्यावर कोणाचं टाकत नाहीत. काढ ते. दोन मुठी जवारी टाकून दगड साफ कर, ते पीठ फेक, अन् मंग माहं टाक.”

तिथं सहा बाया होत्या. एक पदरावरचं पीठ झटकत राह्यली. एक मोबाईल पाहू लागली. सून माह्याकडं पाहून राह्यली होती. तिले खरंच माहीत नव्हतं. चार दिवसासाठी सासरा बाहेरगावी गेला, म्हणून तिनं चक्की चालवाले घेतली, अन् डबे जसे ओळीनं ठेवले तसे दळले. एवढीच तिची चूक.

मी झाकण लावलं. डबा उचलला. घरी आली.

मले राग आला नाही. हे मले अजूनही समजत नाही. हातपाय आहेत पण माहे नाहीत, असं वाटे. घरी येऊन मी त्याच पिठाच्या भाकरी टाकल्या. खाल्ल्या. भांडे घासले.

चक्कीत एकाचं दळण सरलं तरी दगडात मूठभर पीठ अडकून राह्यते. ते पुढच्याच्या डब्यात पडते. त्याचं कोणाले काही वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या गावानं एकमेकाचं पीठ असंच खाल्लं. फक्त आमचं कोणाच्या डब्यात पडू नये. आम्ही बौद्ध.

आमचं गाव जानेफळपासून थोडं आत आहे. चक्की एकच. मी लहानपणापासून तिथं दळण नेते. अन् तिथं मी काय करत होती, सांगू? चांगुलपणा करत होती! डबा ओळीत ठेवला की भाऊ म्हणे, “ताई, या बाईले गाडी पकडाची हाये, याईचं होऊ द्या.” मी म्हणो, होऊ द्या. “ताई, याईच्या घरी पाहुणे आले.” होऊ द्या. ओळख ना पाळख, पण मी नंबर देत होती. कोणी पोरीच्या बाळंतपणाले आलेली, कोणी दवाखान्यातून परस्पर आलेली. त्या म्हणत, “लय उपकार झाले, बाई.” मले बरं वाटे. भाऊ सगळ्याईसमोर म्हणे, “ताईचं मन लय मोठं.” तेही मले बरं वाटे. लय बरं वाटे.

रोज सकाळी चक्की चालू करताना भाऊ मूठभर जवारी टाके, दगड साफ करे, ते पीठ बाहेर फेके. मी लेकीले सांगत होती, पाह्य, कसा चोख माणूस आहे. आदल्या दिवशीचं शेवटचं दळण माहं नाहीतं आमच्याच वस्तीतलं असे, हे माह्या डोक्यातच आलं नाही.

मी गावात आशाताई आहे. काकूच्या नातवाच्या तोंडात पोलिओचे थेंब मीच टाकले. काकूनंच त्याचं तोंड उघडून धरलं होतं. तेव्हा हा हात चालला.

दोन दिवसानं मी मायले विचारलं. माय अंगणात तुरीची डाळ पाखडत होती.

“माय, चक्कीवर आपलं शेवटी असते हे तुले माहीत होतं?”

सूप थांबलं नाही. “माहीत नसन काय?”

मले आठवलं. मी सात-आठ वर्षांची असन. आम्ही दोघी चक्कीच्या ओट्यावर पोत्यावर बसून राहो. मले भूक लागे. मी म्हणो, माय, आपला डबा तं पह्यला होता. माय म्हणे, “ज्याले घाई हाये त्याले जाऊ द्या लागते, बाई. आपल्याले कायची घाई?” इतक्या मायेनं म्हणे की मले वाटे आम्ही दोघी गावात सगळ्यात भल्या. मी तेच शिकली. तेच माह्या लेकीले शिकवलं.

“मंग सांगतलं काऊन नाही मले?”

माय डाळीतला खडा शोधत राह्यली. मंग म्हणे, “सांगतलं असतं तं तुले भाकर गोड लागली असती काय?”

तिनं माही भाकर गोड ठेवली, अन् तिची स्वतःची कशी लागली असन ते मले विचाराची हिंमत झाली नाही.

पुढच्या दळणाले भाऊ परत आला होता. मी डबा ठेवला. माह्या पुढं तिघी. माहा चौथा नंबर. तेवढ्यात एक म्हातारी आली. आमच्या गावची नव्हती. डोक्यावर पिशवी, धापा टाकत होती.

भाऊ नेहमीसारखा हसला. “ताई, या आजीले मेहकरची गाडी हाये. याईचं होऊ द्या.”

म्हातारीले खरंच घाई होती. ते मले दिसत होतं. ती दर मिनटाले रस्त्याकडं पाहून राह्यली होती. दुसऱ्या कोण्या दिवशी मी माहा डबा स्वतःच्या हातानं मांग सरकवला असता.

“नाही,” मी म्हटलं.

“आँ?”

“माहा नंबर हाये. माहं होऊ द्या. मंग आजीचं टाका. माह्यावर.”

चक्की चालू होती, पण सगळ्याईनं ऐकलं. भाऊचं हसू गेलं. माहा नंबर आला, माही जवारी टाकली. मी डब्यापाशी उभी राह्यली. शेवटचं पीठ पडलं तसा त्यानं बाजूच्या मगातल्या जवारीत हात घातला.

“भाऊ, हात काढा. आजीचं टाका.”

तो माह्याकडं पाहत राह्यला. मी तिथून हलली नाही. ओळीतल्या बायाही पाहून राह्यल्या. मंग त्यानं हात काढला अन् म्हातारीची जवारी ओतली.

म्हातारीनं पीठ बांधलं. जाता जाता मले म्हणे, “कशी बाई हाये वं तू! म्हाताऱ्या माणसाची कीव नाही आली तुले?”

मी तिले काय सांगणार होती, गाडी सुटेपर्यंत? ती रस्त्याकडं पळत गेली. गाडी भेटली की नाही, मले माहीत नाही. मले लय वाईट वाटलं. अजूनही वाटते. पण माह्या पिठाची मूठ तिच्या पिशवीत गेली, अन् ती तिच्या भाकरीत जाईन.

आता गावात म्हणतात, आशाताईले माज आला. म्हणू द्या. मन मोठं, हेही त्याईनंच म्हटलं होतं. नंबर मी अजूनही देईन. पण ज्या चक्कीवर मले नंबरच नव्हता, तिथं मी काय देत होती? अगोदर माह्यावर सगळ्या गावाचं दळण पडू दे. मंग कोणाले पुढं जाऊ द्याचं ते मी ठरवीन.

त्या संध्याकाळी मी लेकीले सगळं सांगतलं. काकूचं, भाऊच्या मगाचं, माह्या मायचं. काही लपवलं नाही. माय आतून म्हणे, “कायले सांगतं वं लेकराले?” मी थांबली नाही.

लेकीनं अर्धी भाकर ताटात ठेवली अन् उठली. ठेवू दे. कडू लागली तं लागू दे.

पुढचं दळण ती नेणार आहे. डबा तीच ओळीत ठेवीन, अन् पीठ पडेपर्यंत तिथून हलणार नाही.