बाहेरून कुलूप

मस्कत कसं आहे गं, असं आमच्या आळीतली प्रत्येक बाई विचारते. मी पाहिलं ते सांगते. विमानतळाच्या बाहेर पाय टाकला तर इडलीच्या भांड्याचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ तोंडावर आली, पोरगी कडेवर, नि पुढे सगळं गाव पांढरं, काल चुना लावल्यासारखं, मागे काळे डोंगर, अंगावर एक झाड नाही. रस्ते येवढे रुंद आणि चालणारं माणूस नाही. मी ह्यांना विचारलं, "माणसं कोठे गेली?" हे म्हणाले, "गाडीत." मी तिथंच भ्यायले.

तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. आजूबाजूची सगळी दारं बंद. आमच्या कुंभकोणमला दार लागतं ते निजायच्या वेळी, तिथे दिवसाढवळ्या. पहिल्या सकाळी मी उंबऱ्याबाहेरची फरशी पुसली नि तांदळाच्या पिठाचा कोलम घातला, आम्ही गावी रोज घालतो ती रांगोळी. आठवीपर्यंतच शिकले मी, पण ठिपके चुकत नाहीत माझे. समोरच्या दारातून एक अरब म्हातारी काळ्या झग्यात बाहेर आली, थांबली, झगा उचलून कडेकडेनं गेली. संध्याकाळी हे आले ते चिडूनच. "शेजाऱ्यांनी तक्रार केली. हे काय आपलं गाव आहे? तुला इथलं काही कळत नाही, बाहेर जाशील नि हरवशील." दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना बाहेरून कुलूप. चावी ह्यांच्या खिशात. मी म्हटलं, आग लागली तर? म्हणाले, इथे लागत नाही.

आग नाही लागली, एसी बंद पडला. खिडकी उघडली तर गरम वारा आत. पोरगी आधी रडली, मग रडायची थांबली, अंग तापलेलं, मान टाकलेली, मी ओल्या फडक्यानं पुसतेय, फोन लावतेय, ह्यांच्या गोदामात फोन बाहेर ठेवून जावं लागतं, कोण उचलणार. मी दार बडवलं. हातानं, मग पातेल्यानं. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, ती अरबीत बोलतेय, मी घरच्या मराठीत, मग गावच्या तमिळमध्ये, मग नुसती रडतेय. तिनं जिन्यातून हाका मारून वॉचमनला बोलावलं. तो मलयाळी, त्याला तमिळ येत होतं.

"दार उघडा ना, अम्मा."

"बाहेरून लावलंय. चावी ते घेऊन गेलेत."

त्यानं बाहेरून दार ढकलून पाहिलं. मग म्हणाला, "आत काय कोंबड्या पाळल्यात त्यांनी?"

घरमालकाची दुसरी चावी त्याच्याजवळ होती. दार उघडताच म्हातारीनं पोर माझ्या हातून काढून घेतली, आपल्या गार घरात नेली, चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. पोरगी डोळे उघडून मोठ्यानं रडली तेव्हा कुठे मी खाली बसले. म्हातारी वॉचमनला काहीतरी बोलली. तो म्हणाला, "विचारतेय, दारातलं ते पांढरं चित्र का बंद केलं. तिला वाटलं, झग्यानं पुसलं गेलं म्हणून तुम्ही रागावलात."

"मग तक्रार कोणी केली?"

"कोणीच नाही, अम्मा."

संध्याकाळी हे आले नि सगळं ऐकून पहिलं वाक्य काय, तर "परक्यांच्या घरी कशाला गेलीस?"

मी गावी जायचं म्हणून जेवण सोडलं तेव्हा आम्हा दोघींचं परतीचं तिकीट निघालं. इथे कुंभकोणमला सासू म्हणते, "काळजीपोटी लावलं असेल त्यानं. त्यात येवढं काय?" मी म्हटलं, "तुम्ही बसा आत दिवसभर, मी बाहेरून लावते." तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

ह्यांचा रोज फोन येतो, तिकीट काढू का. मी म्हणते, तिकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती चावी पाठवा, माझी वेगळी. ती हातात पडली की तिकीट काढा. मग हे फोन ठेवून देतात. चावी अजून आलेली नाही. मी इथे भर दुपारीसुद्धा दार सताड उघडं टाकते. सासू आतून ओरडते, कुत्री शिरतील. शिरू देत.