विनाकारण बसू नये

मी बाकावरून उठले आणि माझ्या मागे त्यांनी फिनेल टाकलं.

मी अजून गेटपर्यंतही पोचले नव्हते. मागून बादलीचा आवाज आला, फडकं पिळल्याचा आवाज आला. वळून बघितलं. जिथे मी बसले होते, बरोबर तिथेच वॉचमन पुसत होता. बाकाचं दुसरं टोक कोरडं. बाजूचे बाकही कोरडे. तिथे कोणी बसलं नव्हतं ना, मग ते स्वच्छच असणार.

वहिनी शेजारी उभ्या होत्या. पायात पांढरे बूट, काखेत गुंडाळलेली चटई. ज्यांच्या घरी मी किती वर्षं भांडी घासली, ज्यांच्या मुलाला मांडीवर घेऊन वरणभात भरवला, त्याच ह्या वहिनी. मला उठवताना किती गोड बोलल्या. "मावशी, जरा उठता का? आमचे लोक येतायत योगाला." मी उठले. सवयच तशी, कोणी गोड बोललं की उठायचं. आणि मी वळले तशा त्या वॉचमनला हळूच म्हणाल्या, "तिथे पुसून घे रे नीट. फिनेल टाक."

हळू म्हणाल्या, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

आमचे लोक. मग मी कोणाची?

हे कोणाच्या घरात नाही घडलं. घरातलं मी गिळलं असतं, घरातलं खूप गिळलंय. हे घडलं पालिकेच्या ऑफिससमोरच्या आवारात. उघड्यावर, सकाळी, सगळ्यांसमोर. उपनगराचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक म्हणतात, हां, तिकडे असंच असतं. आणि आपल्या दारापुढचं आवार बघत नाहीत.

आधी ते आवार कसं होतं ते सांगते. माती आणि खड्डे. कचऱ्याच्या गाड्या उभ्या असायच्या. एक बदामाचं झाड, त्याच्याभोवती फुटका कट्टा. आम्ही बायका दुपारी भांड्याची कामं उरकून त्या कट्ट्यावर बसायचो. कोणी लसूण सोलायची, कोणी नुसतीच पाय पसरून बसायची. कोणी विचारत नव्हतं. विचारायला ती जागा कोणाला हवीच नव्हती.

मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ते त्या आवारात. ऑफिसच्या भिंतीवर फलक असायचे. पाणी उकळून प्या. डबक्यात डास वाढतात. करभरणा खिडकी. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, हे काय लिहिलंय हो, आणि मग अक्षरावर बोट ठेवून स्वतःशी म्हणायचे. बुद्धविहारातल्या बाई चुका सुधारायच्या. सून अजून हसते, म्हणते, आई, तुम्ही बाराखडी नाही, डेंग्यू-मलेरिया शिकलात. शिकले तर शिकले. आज हे लिहितेय ना.

आमची वस्ती पाडून पुनर्वसनाची बिल्डिंग झाली, ऑफिसच्या बरोबर समोर. चांगली आहे. नळ घरात, संडास घरात. पण झोपडीला ओटा होता. दार उघडलं की माणूस दिसायचं. आता दार उघडलं की अंधारा पॅसेज आणि समोर दुसरं बंद दार. माझा मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपतो. एकच खोली. तो झोपला की मी भांडं वाजवायचं नाही, खोकायचं नाही, टीव्ही लावायचा नाही. मग म्हाताऱ्या माणसाने करायचं काय? खाली उतरायचं. आवारात जाऊन बसायचं. तेवढी एक जागा. मोकळी हवा, चार तोंडं, आणि खोकायची मुभा.

मग आवार नवीन झालं. फरशी आली, दिवे आले, सेल्फी काढायला मोठी मोठी इंग्रजी अक्षरं आली, पाठीचे बाक आले. झकास झालं, खोटं कशाला बोलू. आम्ही बायका पहिल्या दिवशी नुसत्या फरशीवरून हात फिरवत होतो. शेवंता माझी शेजारीण, ती म्हणाली, "बाई गं, एवढी गुळगुळीत. भाकरी थापावी इथे."

नंतर पाटी आली. निळी, मोठी, स्टीलच्या खांबांवर. सगळ्यांनी मला पुढे ढकललं, वाच म्हणून. मी मोठ्याने वाचलं. मला कौतुक, की ह्या वेळी कुठे अडखळत नाहीये.

आवारात विनाकारण बसू नये. घोळका करू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. कार्यक्रमासाठी पूर्वपरवानगी घ्यावी.

वाचून झाल्यावर मला कळलं की मी काय वाचलं. शेवंता म्हणाली, "हे कोणासाठी लिहिलंय?" समोर सोसायट्यांची सौंदर्य समिती फोटो काढत होती. वहिनी मधोमध.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर वॉचमन विचारायला लागला. कारण? आणि हा वॉचमन कोण, तर सुनील, शेवंताचा जावई. बिचाऱ्याची मोठी पंचाईत. सासूला अडवायचं. वरून पालिकेचा साहेब खिडकीतून बघतोय. तो मान खाली घालून म्हणायचा, "आई, कारण सांगा ना काहीतरी. मला विचारायला लावलंय."

मग आम्ही कारणं काढली. कोणी म्हणायची जन्मदाखला. कोणी म्हणायची पाण्याची तक्रार. मी लसीचं विचारायला आले म्हणायचे, ह्या वयात, कुठली लस ते देवाला माहीत. शेवंताचं तर काय सांगू. एकदा घाईत तिला काही सुचेना. म्हणाली, "मृत्यूचा दाखला."

सुनील घाबरला. "कोणाचा?"

"तुझ्या सासऱ्याचा."

तिचा नवरा वर तिसऱ्या मजल्यावर क्रिकेट बघत होता. आम्ही बाकावर बसून पोट धरून हसलो. मग तिला तेच सोपं वाटायला लागलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा मारला नवऱ्याला. सुनील म्हणाला, "आई, निदान दुसरा कोणी मारा, साहेबांना शंका येतेय." तिने दीर मारला.

हसत होतो आम्ही. पण मला रात्री झोप लागेना. जिवंत माणूस मेला सांगितल्याशिवाय बाईला बाकावर बसता येत नाही, हे हसण्यासारखं आहे का? आणि सकाळी चटया घेऊन येतात, हसण्याचा व्यायाम करतात, मोठ्याने हा हा करतात, त्यांना सुनील सलाम ठोकतो. कारण विचारत नाही. त्यांना कारण लागतच नाही. त्यांचं असणं हेच कारण.

हे डोक्यात फिरत होतं. जेवताना फिरायचं, भांडी घासताना फिरायचं. पण बोलले नाही कोणाला. खोटी कारणं देत राहिले.

मग ती सकाळ. रविवार होता. मुलगा रात्रपाळीवरून येऊन झोपला, म्हणून मी लवकर खाली उतरले. सुनीलने विचारलं नाही, गेटवर दुसरं कोणी नव्हतं. मी बाकावर बसले. ऊन कोवळं होतं. आणि वहिनी आल्या.

फिनेलचा वास आला तसं मला माझं गाव आठवलं.

मराठवाड्यातलं गाव. मी लहान, आईचं बोट धरून चावडीवर गेलेली. पावसात आमची भिंत पडली होती, सरकारची मदत मिळते असं कोणीतरी सांगितलं म्हणून आई विचारायला गेली. चावडीच्या ओट्यावर माणसं बसलेली. आई खाली उन्हात उभी. वरून एकाने विचारलं, "कशापायी आलीस गं?" आईने कारण सांगितलं. तो म्हणाला, "उद्या ये." आई वळली. मी मागे बघितलं. आम्ही उभ्या होतो तिथे एक बाई शेणाचा बोळा घेऊन सारवत होती. माझ्या पावलाचा ठसा होता मातीत, तो पुसला तिने. मी आईला विचारायला तोंड उघडलं, तर आईने माझी हनुवटी धरली आणि मान पुढे वळवली. म्हणाली, "मागं बघू नको."

आयुष्यभर तेच केलं मी. मागं बघितलं नाही. वहिनींच्या घरी माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, मी बघितलं नाही. चहा दारात बसून प्यायचा, प्यायले. मुंबईत हे चालत नाही असं लोक सांगतात, मीही सांगायचे, सुनेलासुद्धा सांगितलंय.

तेव्हा शेणाचा वास होता. आता लिंबाचा. एवढाच फरक.

पण आता मान वळवायला आई नव्हती. मी मागं बघितलं, आणि मग मागं गेले.

बाक ओला होता. मी त्याच ओल्यावर बसले. थंडगार ओल पातळातून आत गेली.

सुनील फडकं घेऊन तसाच उभा. "मावशी, ओलं आहे."

"दिसतंय मला."

"साडी खराब होईल."

"झाली."

वहिनी पुढे आल्या. चेहऱ्यावर हसू तसंच. "मावशी, अहो असं काय करता? बाक रोजच पुसतात. मी तुम्हाला घरातलंच समजते ना."

मी म्हटलं, "घरात तरी कुठे बसवलंत, वहिनी?"

हसू गेलं. आजूबाजूला चटया उलगडत होत्या, त्या थांबल्या. एक गृहस्थ म्हणाले, "हे बघा, नियम सगळ्यांना सारखे आहेत. पाटी लावलीय, वाचता येत असेल तर वाचा."

"वाचली. मोठ्याने वाचली. तुमचं कारण काय?"

"कसलं कारण?"

"इथे यायचं. विनाकारण बसायचं नाही ना? सुनील, विचार त्यांना. आम्हाला विचारतोस तसं."

मी हे रागात बोलले. सुनील खरंच विचारेल असं माझ्या मनातही नव्हतं. त्याने फडक्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. मग वहिनींकडे वळला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, कारण?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. रोज सकाळी तो त्यांना सलाम करायचा, त्यांची गाडी लावून द्यायचा. त्या म्हणाल्या, "तुझं नाव काय रे?"

त्याने नाव सांगितलं. त्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

पुढच्या आठवड्यात सुनीलची ड्युटी बदलली. कुठे तर खारदांड्याच्या बाजूला कुठल्या बांधकामावर. आता दोन गाड्या बदलून जातो, पोरं झोपल्यावर घरी येतो. शेवंता माझ्या दारात आली. आत नाही आली. म्हणाली, "तुझ्या बसण्यापायी माझा जावई उठला."

इथे काहीतरी शहाणपणाचं लिहावं असं वाटतं, पण ते खोटं होईल. तिचं बरोबर आहे. आणि माझंही चुकलं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि ते घेऊन पॅसेजमध्ये येरझारा घालाव्या लागतात.

मग साहेबाने मला वर बोलावलं. समोर खुर्ची होती. बसा म्हणाला नाही. मीच बसले. माणूस वाईट नव्हता, तरुण होता, दमलेला होता. म्हणाला, "मावशी, वाद कशाला वाढवता? तुम्ही अर्ज करा. ज्येष्ठ महिलांसाठी मी संध्याकाळचा एक तास देतो. कोपऱ्यातला बाक. कारण लिहा, विरंगुळा. मी सही करतो."

खोटं नाही सांगत, क्षणभर मला मोह झाला. एक तास तर एक तास. सगळ्या बायका येतील. शेवंताही येईल कदाचित. कोणाला मारायला लागणार नाही.

मी विचारलं, "योगावाल्यांनी अर्ज केलाय का?"

तो म्हणाला, "त्यांचं वेगळं आहे."

"मग नको."

"अहो, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"सांगा साहेब. पण नको."

आईने कारण सांगितलं होतं. खरं कारण होतं, भिंत पडली होती. तरी तिच्या पावलाची जागा सारवलीच. कारण खरं असो नाहीतर खोटं, ज्याला ते द्यावं लागतं तो खालीच उभा असतो. हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. एवढी वर्षं लागली.

आता मी रोज दुपारी जाते. पाटी आहे. वॉचमन नवा आहे, तो मला ओळखत नाही, त्याचाही काही दोष नाही. बाकांवर मधोमध लोखंडी दांडे बसवलेत, कोणी पाय पसरू नये म्हणून. दोघी-तिघी येतात माझ्याबरोबर. बाकीच्या लांबून बघतात. शेवंता खिडकीत उभी असते, खाली उतरत नाही. मी वर बघून हात करत नाही. तिला जेव्हा यायचं तेव्हा येईल, नाही तर नाही.

नवा वॉचमन विचारतो, "आजी, कारण?"

मी म्हणते, "काही नाही."

"मग बसता येणार नाही."

मी बसते.

तो साहेबाला फोन लावतो. मी लसूण सोलते. उद्या कोणी पोलीस आणेल, परवा हाताला धरून उठवतील. उठवू देत. उचलायला माणसं लागतील, आणि ती दिसतील सगळ्यांना. वहिनींच्या सांगण्यावरून मी त्या बाकावरून एकदा उठले. ते शेवटचं.

कारण मी सांगणार नाही. मी विनाकारण बसलेय.