हवा गेली तरी चालणारे टायर

माझं लग्न ठरवायला सासरच्या मंडळींना एक दुपार पुरली होती. पोहे खाल्ले, मला एक स्तोत्र म्हणायला लावलं, आणि चहा निवायच्या आत होकार कळवला. आमच्या यजमानांच्या मोटारीला कुठले टायर घ्यायचे, हा विचार मात्र दिवाळीला सुरू झाला तो होळीपर्यंत चालला. सून काय, आली तशी आली. टायर नीट पारखून घ्यावे लागतात.

विदर्भ महाराष्ट्रात आला त्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही अमरावतीला राहत होतो. यजमान वकील होते. त्यांची मोटार म्हणजे दोनच माणसांची, बिनछपराची, हिरव्या रंगाची आणि जमिनीला इतकी लगटून चालणारी, की तिच्यात बसणं आणि पाटावर बसणं यात फारसा फरक नव्हता. कापसाच्या प्रेसवरचा एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला. साहेबाला शर्यतीची हौस होती म्हणे. यजमानांना अचलपूरच्या कोर्टात तारखेला जायचं असे. दोन्ही कामांना गाडी सारखीच उपयोगी, असं त्यांचं मत होतं.

अचलपूरला जायच्या परतवाड्याच्या वाटेवर बाभळी काही कमी नव्हत्या. त्यात बैलांच्या पायांतून पडलेले नालांचे खिळे. साहेबाचे टायर झिजून गुळगुळीत झालेले. यजमान सकाळी काळा कोट घालून निघत आणि कोर्टात पोचेपर्यंत त्या कोटावर इतकी धूळ बसे की वकील कोण आणि पक्षकार कोण हे न्यायाधीशांना विचारून घ्यावं लागे. टायर बदलायलाच हवे होते. गाडीचं माप जगावेगळं, म्हणून अमरावतीत ते मिळेनात. मुंबईच्या एका दुकानदाराने दोन प्रकार सुचवले. एक, नेहमीचे टायर आणि ट्यूब. दुसरा, नव्याने परदेशातून आलेला. त्याच्या पोटात आणखी एक जाड कप्पा होता. बाहेरची हवा गेली तरी आतल्या हवेवर गाडी हळूहळू बरीच पुढे जाईल, थांबायला नको, असं त्याचं म्हणणं होतं.

झालं. यजमान दुसऱ्या प्रकाराचे वकील झाले. माझे मोठे दीर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, ते पहिल्या प्रकाराचे झाले. रोज संध्याकाळी ओसरीवर सुनावणी होई.

"टायर म्हणजे हवेची गादी असते," भाऊजी सांगायचे. "ती गादी काढून तिथं दगड ठेवला तर चाक चालेल, माणूस चालणार नाही."

"दगड कुठला? आत हवाच आहे. नुसती ती सुरक्षित आहे."

"बँकेत ठेवल्यासारखी का?"

"तसंच समज."

एकदा हिवरखेडचा एक पक्षकार आपल्या खटल्याचं काय झालं ते विचारायला आला होता. भावाशी बांधाचा वाद होता त्याचा. तासभर तो बिचारा टायरच्या वादात बसून राहिला. शेवटी यजमानांनी त्यालाच विचारलं, "तुमचं काय मत?"

तो म्हणाला, "मी काय सांगू साहेब? तुमी दोघं भाऊ एका टायरावर एक होऊन नाई राहिले, अन् मी म्हणत होतो का भावाले समजावून सांगा मणून."

त्याच्या खटल्याला पुढची तारीख मिळाली. टायरच्या खटल्यालाही मिळाली.

या सगळ्यात मला कुणी विचारलं नाही. गाडीत जागा दोनच होत्या आणि त्यातली एक माझी होती, एवढाच काय तो माझा संबंध. एकदा चहाचे कप उचलता उचलता मी म्हटलं, "अहो, हवा गेल्यावरही गाडी चालणार असेल, तर हवा गेली हे कळणार कसं?"

"कळायची गरजच काय?" यजमान म्हणाले. "तेच तर त्याचं वैशिष्ट्य."

होळीला यजमानांनी आपल्याच बाजूने निकाल दिला, आणि ते दोन कप्प्यांचे टायर रेल्वेच्या पार्सलने बडनेऱ्याला आले. ते चाकांवर चढवायला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला दोन दिवस लागले. टायर इतका ताठ की तो चढवायची लोखंडी टामी वाकली. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "वकीलसाहेब, चढवला तं खरा. उतरवा मणून नोका सांगू." यजमानांना ही टायरची स्तुती वाटली. त्यांनी लगेच गाडीच्या मागच्या कप्प्यातलं जादा चाक, आमची स्टेपनी, काढून घरी ठेवलं. आता तिची जरूर नव्हती. त्या जागेत सामान मावेल, असं मला खूश करण्यासाठी सांगितलं. सामान खरंच मावलं. पहिल्याच फेरीत माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी तिथे मावली आणि तिथेच फुटली.

गाडी आता खडा न् खडा मोजत चालायची. सासूबाईंना एकदा हौसेने अंबादेवीच्या दर्शनाला नेलं. जाताना त्या दोन्ही हातांनी दार धरून बसल्या. दर्शन झाल्यावर मात्र त्या उन्हातून पायी घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "देवीला सांगून आले, एवढा नवस फिटला समज." कसला नवस ते मी विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. मी लग्नाआधी बी.ए. झाले होते, लग्नानंतर शिक्षणशास्त्राचं बी.टी. केलं होतं, आणि त्यानंतर चहाचे कप उचलत होते. अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं. माझं माहेर अकोल्याचंच, जठारपेठेतलं. बेत सोपा होता. सकाळची गाडी बडनेऱ्याहून पकडायची, माहेरी तोंड धुवायचं, बाराला शाळेत हजर व्हायचं.

"आगगाडीने कशाला?" यजमान म्हणाले. "मी सोडतो."

"रस्त्यात काही झालं तर?"

"त्यासाठीच तर हे टायर घेतलेत."

मी आशेने भाऊजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाच तुम्ही. एवढ्या लांबचा प्रयोग अजून झालेला नाही." इतक्या महिन्यांत दोघा भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते माझ्या मुलाखतीवर झालं होतं.

निघालो. मी ठेवणीतली जांभळी सुती साडी नेसले होते, केसांना रुमाल बांधला होता. बडनेरा गेलं. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडी नीट चालली. नीट म्हणजे माझी हाडं मला एकेक करून ओळखू येत होती. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. पलीकडे एक टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता. त्याने आमच्या गाडीकडे पाहून हाक मारली, "साहेब, मांगच्या चाकात हवा नाई तुमच्या."

यजमानांनी खाली वाकून पाहिलं. मागचा डावा टायर चपटा झाला होता. त्यात नालाचा खिळा होता. मी यजमानांचा चेहरा पाहिला. कज्जा जिंकल्यावरही तो इतका कधी उजळला नव्हता.

"पाहिलंस?" ते मला म्हणाले. "केव्हापासून हवा नसेल कोण जाणे. आपल्याला कळलं तरी का?"

"नाही ना," मी म्हटलं. "तेच म्हणत होते मी तेव्हा."

पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. भोवती माणसं जमली होती, आणि माणसं जमली की वकिलाला बोलावंच लागतं. आतला कप्पा, बाहेरचा कप्पा, परदेशातली संशोधनं, सगळं सांगून झालं. शेजारच्या पंक्चरवाल्याने चाक काढून देतो म्हणून सांगितलं. यजमानांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने विमानाला बैल जुंपायचं सुचवलं होतं. "जरूर नाही," ते म्हणाले. "हीच तर खरी परीक्षा आहे."

दुकानदाराने बजावलं होतं, की हवा गेली की हळू चालवायचं. हळू चालवलं तर परीक्षा कसली? मूर्तिजापूरचे लोक पाहत होते, तेव्हा गाडी जोरात निघाली आणि तशीच जोरात चालत राहिली. गाडी डावीकडे ओढायला लागली. यजमान म्हणाले, रस्त्याला उतार आहे. जळका वास यायला लागला. ते म्हणाले, कुणीतरी धुऱ्यावरचं गवत पेटवलं असेल. मग मागून कुणी ओली चादर आपटत असल्यासारखा आवाज आला आणि रबराची एक लांब पट्टी उडून बाजूच्या शेतात पडली. तेव्हा मात्र त्यांनी ब्रेक लावला.

वाटेतलं बोरगाव अजून पुढे होतं. गाडी नुसत्या लोखंडी चाकावर तिरपी उभी राहिली. स्टेपनी अमरावतीला, आमच्या जिन्याखाली. सावलीला एक कडुनिंब, पलीकडे चार घरं. ऊन तापत होतं.

यजमान गाडीभोवती फेऱ्या घालत होते. मी निंबाखाली उभी राहून रस्त्याकडे पाहत होते. राग येत होता, पण रडू त्याहून जास्त येत होतं. रडून मुलाखतीला गेलं तर डोळे दिसतात, म्हणून रडले नाही. तेवढ्यात अकोल्याच्या बाजूला जाणारा एक ट्रक दिसला. मी पदर खोचून सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. ट्रक थांबला. मागे भाजीचा माल भरला होता आणि त्यावर एक माळीणबाई बसली होती. तिचा नवरा पुढे, ड्रायव्हरशेजारी.

"कुठी जाता बाई?" तिने वरून विचारलं.

"अकोल्याला. फार घाई आहे."

"मंग चढा वरते. वांग्याईवर नोका बसू, दबतीन. इकडे कोबीवर बसा."

मी यजमानांकडे वळले. "तुम्ही येता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. "गाडी अशी उघड्यावर कशी सोडू?"

टायर निवडायला त्यांना चार-पाच महिने लागले होते. ही निवड त्यांनी एका दमात केली. मी चाकावर पाय देऊन वर चढले. माळीणबाईने हात देऊन ओढून घेतलं.

"साहेब कावून नाई आले?" ट्रक निघाल्यावर तिने विचारलं.

"थे गाडी सांभाळून राहिले," मी म्हटलं. सासरी माझ्या तोंडून वऱ्हाडी फारशी निघत नसे. कोबीवर बसल्यावर आपोआप निघाली.

ती हसली. मग तिने माझ्या केसांतला रुमाल सोडून नीट बांधून दिला. तिच्याजवळच्या टोपलीत झेंडू होते. त्यातलं एक फूल तिने न विचारता माझ्या अंबाड्यात खोचलं. मला त्या क्षणी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मध्ये वांगी होती.

बाजारात उतरून मी धावतच शाळा गाठली. माहेरी जाऊन तोंड धुवायला वेळ नव्हता. ट्रकमधल्या मेथीचा वास, अंगावर धूळ, डोक्यात झेंडू, अशी मी समितीपुढे बसले. तिथे तीन गृहस्थ होते. मधले वयस्कर, टोपी घातलेले. त्यांनी व्याकरणाचे दोन प्रश्न विचारले आणि मग मुख्य विषयाला हात घातला.

"तुम्ही अमरावतीच्या. यजमानांची परवानगी आहे का?"

"ते सध्या बोरगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसले आहेत," मी म्हटलं. "विचारून येऊ का?"

बोलल्यावर मला वाटलं, संपलं. पण शेजारचे दोघे हसले, आणि टोपीवाल्यांनी काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, ओसरीवरच्या सुनावणीपासून. सांगताना मला कळत होतं की माझा आवाज चढतोय आणि हात हलतायत. टोपीवाले शेवटी म्हणाले, "एवढी लांब हकीकत तुम्ही न अडखळता सांगितलीत. वर्गात मुली झोपणार नाहीत." नोकरी मला मिळाली. त्यात त्या टायरचा वाटा होता हे मी कधीही नाकारलेलं नाही, आणि यजमानांनी मला ते कधी विसरूही दिलं नाही.

ते जठारपेठेत आले संध्याकाळी, गाडी त्या चार घरांच्या भरवशावर सोडून, एस.टी.ने. हातात ते चाक होतं. माझ्या वडिलांनी जावयाला चाकासकट आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि चाक कुठे ठेवू असं अदबीने विचारलं. दुसऱ्या दिवशी अकोल्यातल्या कुठल्याच दुकानात त्या चाकावरून उरलेला टायर निघेना. स्टेपनी अमरावतीहून आणायची, तर तिच्यातली हवा कधीच गेली होती आणि ट्यूब उंदरांनी खाल्ली होती. मुंबईहून नवी ट्यूब येईपर्यंत गाडी दहाबारा दिवस त्या निंबाखाली उभी होती. आम्ही आणायला गेलो तेव्हा एक शेळी ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती. दुसरी माझ्या.

घरी परतल्यावर पुन्हा सुनावणी भरली. प्रयोग यशस्वी झाला, असं यजमानांनी जाहीर केलं. हवा गेल्यावरही गाडी मूर्तिजापूरच्या पुढे कितीतरी गेली होती, हे त्यांचं म्हणणं कुणी खोडून काढू शकत नव्हतं. भाऊजींनीही आपलाच विजय झाल्याचं सांगितलं. वाद परत होळीपर्यंत जाणार अशी लक्षणं दिसायला लागली, तेव्हा मी कप खाली ठेवले आणि म्हटलं, "साधे टायर आणा. आणि स्टेपनी गाडीत ठेवा." दोघांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्यांना माझा आवाज ऐकायची सवय नव्हती. साधे टायर आले.

जूनपासून मी आठवडाभर माहेरी राहू लागले. शनिवारी यजमान मला घ्यायला यायचे. आगगाडीने येते म्हटलं तरी यायचेच. पहिल्याच शनिवारी परतताना बडनेऱ्याच्या अलीकडे पंक्चर झालं. हे मात्र लगेच कळलं. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, जॅक लावला आणि गुडघे टेकून चाकापाशी बसले. मी नट ओंजळीत धरून उभी होते.

"त्या दिवशी," ते चाकाकडे बघत म्हणाले, "तू ट्रकवर चढलीस ती चढलीस. एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बघत होतो. ट्रक दिसेनासा होईपर्यंत."

"मग गाडीकडे कोण बघत होतं?"

त्यांनी पान्याला जोर दिला. तो घसरला, आणि त्यांच्या बोटाचं साल निघालं. मी पदराने ते पुसलं. मग त्यांनी हात पुढे केला, आणि मी पुढचा नट दिला.