झाडाभोवती फिरणारा रणगाडा

रविवारची दुपार आहे आणि जेवणाचा जडपणा पापण्यांवर उतरला आहे. मी पलंगावर आडवा झालो आहे. झोप उंबरठ्यापर्यंत आली आहे, पण आत पाऊल टाकायला तयार नाही. टेबलावरचा संगणक मी बंद केलेला नाही. त्याच्या पडद्यावर पासवर्ड बदलण्याचे पान उघडे आहे. दोन्ही चौकटी मी भरल्या आहेत, आणि खाली निळे बटण वाट पाहत आहे: 'बदल जतन करा'. ते दाबले की परागच्या खात्यातून जो कोणी खेळतो आहे तो कायमचा बाहेर फेकला जाईल. संध्याकाळी चहा झाला की मी ते दाबणार आहे.

पराग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तापाने गेला. शाळेपासूनचा सोबती, 'माझा मित्र' हे शब्द मी आयुष्यात एकाच माणसासाठी वापरले. रणगाड्यांचा एक खेळ आम्ही मिळून खेळत असू, तो मोबाइलवर आणि मी संगणकावर, नगरच्या दोन टोकांना बसून, एकाच तुकडीत. आमच्याकडे आला की तो याच संगणकावरून आपले खाते उघडायचा, म्हणून त्याचा पासवर्ड मला ठाऊक होता. तो गेला आणि खेळातल्या मित्रांच्या यादीत त्याच्या नावापुढचा, तो खेळतो आहे असे सांगणारा हिरवा ठिपका विझला. उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी तो ठिपका पुन्हा पेटला.

तेव्हापासून तो जवळजवळ रोज दुपारी पेटतो. ठिपका विझलेला असताना मी चोरपावलांनी त्या खात्यात जातो आणि झालेल्या लढायांची चित्रणे पाहतो. प्रत्येक लढाईत परागचा रणगाडा एकच गोष्ट करतो. उद्ध्वस्त गावाच्या मध्यभागी एक मोठे झाड आहे. तिथवर तो रांगत जातो आणि झाडाला उजवीकडे ठेवून त्याच्याभोवती फिरत राहतो. एकही गोळा झाडत नाही. कोणीतरी त्याला उडवतो, आणि पुढच्या लढाईत तो पुन्हा झाडाकडे निघतो.

खात्यात साठवलेली परागच्या फोनची सेटिंगही पार बदलली आहे. परागच्या डाव्या अंगठ्याखाली गोळा झाडण्याचे बटण असे, चांगले मोठे केलेले. ते आता बारीक करून वरच्या कोपऱ्यात ढकलले आहे, जिथे बोट चुकूनही जाणार नाही. वळण्याचा वेग अगदी तळाला आणला आहे. तोफेचा आवाज शून्य, फोनची थरथर बंद.

यावरून मी काढलेला निष्कर्ष सरळ आहे. हा माणूस नव्हे. गुण साठवण्यासाठी कोणीतरी यांत्रिक प्रोग्राम लावून ठेवला आहे आणि पुरेसे गुण जमले की खाते विकून टाकणार आहे. कोण, हेही मी ठरवले आहे. परागचा मामेभाऊ सिद्धेश जुन्या मोबाइलचा व्यवसाय करतो, आणि परागचा फोन त्याने नेल्याचे मी तेराव्याला ऐकले होते. काकूंना, म्हणजे परागच्या आईला, विचारता आले असते. पण तेराव्यानंतर त्या घराची पायरी मी चढलेलो नाही. काय बोलायचे ते मला सुचत नाही, आणि न बोलता बसणे त्यांना सोसेल का याची खात्री नाही. संशय मात्र न बोलता पोसता येतो. तो असा पाहुणा आहे की एकदा बसला की तोच यजमानाला चहा विचारू लागतो.

पंख्याचा आवाज खोल जातो. मग तो पंख्याचा राहत नाही; कुठेतरी जड इंजिन घरघरते आहे. खुर्ची करकरते.

संगणकासमोर पाठमोरे कोणी बसले आहे. निळ्या चौकड्यांचा सदरा. मान किंचित डावीकडे कललेली.

"मौनीबाबा, झोपलास का?"

सदरा मी ओळखतो, आवाजही ओळखतो, आणि नेमका म्हणूनच सावध होतो. ज्याला खाते चोरता येते त्याला सदरा चोरणे काय अवघड?

"कोण आहे?" मी विचारतो.

"तुझा मामा." तो मागे वळत नाही. "कोण आहे म्हणे. आईबापांनी हौसेनं निनाद नाव ठेवलं आणि आवाज बघा, भिंतीपलीकडचा डास."

तो खिशातून चुन्याची डबी काढतो. पराग त्या डबीत कॅरमची पांढरी पावडर ठेवायचा, घामाने अंगठे काचेवर अडू नयेत म्हणून. एकदा काकूंच्या हाती ती लागली. पोरगा तंबाखू मळू लागला असे समजून त्यांनी त्याला भर अंगणात थोबाडीत दिली होती. मग डबी हुंगून पाहिली आणि तशाच हसू लागल्या.

समोरचा माणूस दोन्ही अंगठे पावडरीत बुडवतो आणि पडद्याच्या काचेवर टेकवून वेगाची पट्टी सरकवू पाहतो. पट्टी ढिम्म हलत नाही.

"हा मोबाइल नाही," मी म्हणतो. "माउस घे."

"हो की. दर खेपेला विसरतो."

दर खेपेला विसरायचाच. मोबाइलवर वाढलेला त्याचा अंगठा संगणकाच्या काचेवर धाव घ्यायचा आणि तो गेल्यावर मी पांढरे ठसे पुसत बसायचो. पण हे मला ठाऊक आहे. आणि मला जे ठाऊक आहे ते स्वप्नालाही ठाऊक असणारच. ही साक्ष धरता येत नाही. तो पराग असेल तर त्याने मला ठाऊक नसलेले काही सांगायला हवे.

"तुझं खातं कोण वापरतंय?"

"चल, दाखवतो."

आम्ही चौकात उभे आहोत. चौथऱ्यावर लष्कराचा जुना रणगाडा आहे, शाळेत जाताना आम्ही ज्याच्या पट्ट्यावर चढून बसत असू तोच. आज त्याच्या अंगावर ऊन पडलेले आहे, पण सावली कुठेही नाही. वाहने येतात, जातात, त्यांना आवाज नाही. पराग वरचे झाकण उचलतो.

"उतर."

"तू आधी."

"भितोस होय? मेलोय मी, चावत नाही."

मी उतरतो. आत लोखंड नाही. आत काकूंचे स्वयंपाकघर आहे: कट्ट्यावर पालथी घातलेली भांडी, खिडकीत तुळशीची कुंडी, जमिनीवर पसरलेले वर्तमानपत्र आणि त्यावर अर्धी निवडलेली मेथी. मेथीशेजारी, घडी घातलेल्या टॉवेलवर, परागचा फोन ठेवला आहे. त्याच्या काचेत ते झाड आहे. इंजिनाची घरघर तिथूनच येते आहे.

"फोन सिद्धेशने नेला ना?" माझा आवाज एखाद्या वकिलासारखा होतो आणि मला त्याची लाज वाटते.

"नेला होता. आई रिक्षा करून केडगावला गेली आणि परत घेऊन आली. तो बिचारा फोन विकायला नाही, दुरुस्त करायला घेऊन गेलेला."

"आणि खेळतं कोण?"

पराग माझ्याकडे पाहतो. आता प्रथमच मला त्याचा चेहरा दिसतो, पण जरा वेळ पाहिले की तो पाण्याखाली गेल्यासारखा होतो.

"तुला खरंच कळलं नाही? आई रे. अंगठ्यांनी जमत नाही तिला. फोन टॉवेलवर ठेवते आणि एका बोटानं चालवते, कणीक भिजली का बघावी तसं दाबत दाबत."

मला हे हवेसे वाटते. म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

"मग गोळा का झाडत नाहीत?"

"म्हणते, समोरच्या गाडीत पण कुणाचं तरी पोरगं असेल."

"तोफेचा आवाज?"

"तो बंद केला. इंजिनाचा ठेवला. दुपारी घर फार गप्प होतं." तो मेथीची एक काडी उचलतो, ती त्याच्या बोटांत राहत नाही. "तू एवढा हुशार, एवढं कळू नये? यंत्रानं खेळायचं तर त्याला आवाज कमी काय नि जास्त काय. कान कुठं असतात त्याला?"

हे मला सुचायला हवे होते. मला सुचले नाही, आणि तरी ते माझ्याच स्वप्नात बोलले जाते आहे. मी पुन्हा डळमळतो, पुन्हा सावरतो.

"पण झाडाभोवती का फिरतात? देवळाला फिरल्यासारख्या?"

भिंती हळूहळू काळ्या पडू लागतात, पाटीसारख्या. आम्ही वर्गातल्या शेवटच्या बाकावर आहोत. फळ्यावर खेळातले ते उद्ध्वस्त गाव खडूने काढलेले आहे आणि मधोमध झाड.

"मी कुठं दडायचो, आठवतं?"

"झाडामागे."

"नेहमीच. आई शेजारी भाजी निवडत असायची. एकदा म्हणाली, सारखा झाडामागं काय बसतोस रे, पुढं जा की. मी म्हणालो, इथं मी कुणाला सापडत नाही." तो अंगठ्यावरची पावडर फुंकतो. "हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं."

नव्हते सांगितले. मी मनातल्या मनात सगळी वर्षे धुंडाळून पाहतो, नव्हते.

"म्हणून ती मागच्या बाजूला बघायला जाते. गेली की मी पुढं असेन असं वाटतं, मग पुढं येते. बाकीच्यांना वाटतं प्रदक्षिणा. हाक मारली तर म्हणते, थांब, गाडी झाडाला लावून येते."

"हेही मीच रचत असेन," मी म्हणतो. "तू नसशीलच."

"नसेन." तो हसतो. त्यात राग नाही, आणि तेच मला सोसत नाही. "तू असाच. तोंडी उत्तर आलं तरी बाकाखाली बोटं मोजायचास. मोज. पण बटण दाबायच्या आधी मोज."

आम्ही माझ्या खोलीत आहोत. तो पडद्यापुढे वाकला आहे. मी म्हणायला जातो की माउस घे. पण तो काहीच सरकवत नाही. निळ्या बटणावर उजवा अंगठा टेकवतो आणि तसाच दाबून धरतो, एखाद्याचे तोंड हलकेच बंद करावे तसा.

"हे नको," तो म्हणतो.

पंखा फिरतो आहे. उन्हाची पट्टी पलंगावरून जमिनीवर उतरली आहे. खुर्ची रिकामी आहे आणि मी ठेवली होती तशीच टेबलाखाली सरकवलेली आहे. मी अंथरुणातच फोन हाती घेतो आणि खेळाची यादी उघडतो. हिरवा ठिपका पेटलेला आहे.

संशयाचे एक बरे असते. ज्याला माणसांना भेटायची भीती वाटते त्यालाही तो शेवटी कोणाच्या तरी दाराशी नेऊन उभा करतो. मी काकूंचा नंबर लावतो. घंटा वाजत राहते. मी ठेवून देणार इतक्यात त्या फोन घेतात.

"हॅलो, कोण?"

"काकू, मी निनाद."

"निनाद? अरे, किती दिवसांनी. मला वाटलं, विसरलास."

"नाही काकू. विसरलो नाही." पुढचे वाक्य मी तयार केलेले नाही. आणि त्या शांततेत, त्यांच्या आवाजाच्या मागे, मला ती ऐकू येते: एका जड इंजिनाची संथ घरघर. तोफेचा आवाज कुठेच नाही.

"काकू, तुम्ही काही करत होता का?"

"काही नाही रे. बसले होते." मग, चोरी पकडली गेलेल्या मुलीसारख्या, हळूच: "एक मिनिट थांब हं. गाडी झाडाला लावते."

मी अंथरुणात उठून बसतो. त्याच पुढे बोलू लागतात.

"तुम्ही मुलं हसाल. मला मारामारी येत नाही. तो झाडामागं असायचा ना सारखा, म्हणून नुसती एक चक्कर मारून येते. पण लगेच कुणीतरी उडवतं बघ. दोन मिनिटं राहू देत नाहीत."

"काकू," मी म्हणतो, "मी पुढे उभा राहीन. तुम्ही फिरा. कोणी जवळ येणार नाही."

"तुला वेळ असतो का?"

"दुपारी असतो."

"मग इकडेच ये. मेथीचे ठेपले करते. आणि ते गोळ्याचं बटण पुन्हा मधे आलंय, तेवढं वर सरकवून दे. माझ्याकडून हलतं पण टिकत नाही."

येतो, असे मी म्हणतो, आणि म्हणताना मला कळते की मी खरेच जाणार आहे.

फोन ठेवून मी संगणकासमोर जातो. पडदा झोपला आहे, काळा. मी खिडकी उघडतो, आणि त्या काळ्या काचेवर, तिरप्या उन्हात, तो दिसतो: एका अंगठ्याचा पांढरा ठसा. काच मी सकाळीच पुसली होती. घरात कॅरम नाही, आणि पावडर यायची ती फक्त परागच्या खिशातून. मी माझे दोन्ही अंगठे उन्हात धरतो. ते स्वच्छ आहेत, आणि त्यांच्या रेषा कुठेही तुटलेल्या नाहीत. ठशाच्या मधून मात्र एक आडवी कोरी रेघ गेली आहे. लहानपणी परागचा उजवा अंगठा दारात चेंगरला होता. त्या जागी कातडीवर पुन्हा रेषा उगवल्या नव्हत्या.

मी माउस हलवतो. पडदा उजळतो, आणि निळे बटण नेमके त्या ठशाखाली येते. मी बाण त्याच्या शेजारून, ठशाला न शिवता, 'रद्द करा' वर नेतो.